मदत हवी आहे : पणजोबांच्या ‘नेमणुकी’चा मोडी कागद

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची आवराआवर करताना पत्र्याच्या ट्रंकेत शाई फुटलेल्या तबल्याखाली एक मोडी कागद सापडला. घडीवर पार फाटलाय. मोडी येणाऱ्या शेजारच्या काकांना एवढंच लागलं : ‘तबला शिकणेबद्दल... दरमहा रु. ८ नेमणूक’ आणि साल १९११.

म्हणजे शाहू महाराजांचा काळ. अल्लादिया खाँसाहेब दरबारी गवई होते, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहमान दरबारी चित्रकार, हे आपल्याला पाठच आहे. पण ती झाली नोकरी. शिकाऊ पोराला दिलेले पैसे म्हणजे आजच्या भाषेत स्कॉलरशिपच की! घरात मात्र ‘पणजोबा दरबारात वाजवायचे’ एवढीच फुशारकी ऐकलीय. (आत्या अजून तेच सांगते.)

अशा नेमणुका महाराजांच्या खासगी खात्यातून निघायच्या की शिक्षण खात्यातून? पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद ठेवतात तिथे) नेमकं कुठलं दप्तर मागायचं? कुणाच्या घरी चित्रकला-गाण्यासाठीचा असा कागद असेल तर फोटो टाका. आणि मोडी सराईत वाचणारं कुणी कोल्हापुरात असेल तर सांगा, कागद घेऊन मीच येतो.