व्यवसाय कर आणि खताचं पोतं

'कर नोकरदारांनी भरायचा, शेतकऱ्याने काहीच भरायचं नाही आणि पैसा मराठवाड्याच्या दुष्काळात मुरायचा' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अर्धंच खरं आहे.

पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 असा वर्षाला 2500 रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? 1975 चा तो कायदा मुळी रोजगार हमीसाठीच आला. 1972 च्या दुष्काळात आमच्या बीड-उस्मानाबादकडची माणसं खडी फोडत होती. पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचं बळ मिळालं. कराची जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनेही आपली घालायची, अशी तरतूद होती. शहराने गावासाठी असा उघड, नाव घेऊन कर दिल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण शेतकरी कर भरत नाही, हे कुठलं काढलंत? मोंढ्यात खताचं पोतं घेतलं की 5 टक्के जीएसटी, फवारणीच्या औषधावर 18. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेला जीएसटी आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. सोयाबीनवाल्याला नाही, कारण आपला माल विकताना तो जीएसटी आकारतच नाही, मग वजावट कशातून घेणार? आयकर माफ आहे, कबूल. पण तीन एकर कोरडवाहूत आयकर लागण्याइतकं पिकतं तरी कुठे!

खर्चाचं म्हणाल, तर राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ होतं आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे. मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. इकडे किती पैसा आला हे सांगण्याआधी, त्यानंतर अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत विकासात राहून गेलेली तूट, मोजला कुणी ते सांगा.