हाव फक्त माणसालाच असते का?

बांधावरचा:
यंदा आमच्या शिवारात बोअरची शर्यत लागली. शेजाऱ्यानं ४०० फूट घेतला, म्हणून त्याच्या चुलत्यानं ६००. पाणी बोटभरच, पण ‘त्याच्यापेक्षा खाली गेलो’ हे पारावर सांगायला मिळालं. आमची आज्यानं खणलेली विहीर मात्र जानेवारीतच तळाला गेली. तिच्या काठावर उंबर आहे. केंबरं, म्हणजे उंबरातले ते बारीक किडे, त्याच्या फळात अंडी घालतात, जाता जाता परागीकरण करतात. पिकलं फळ हरियाल, वटवाघळं खातात, बी लांब नेऊन टाकतात. सगळ्यांचं भागतं. मीपणाचा रोग आपल्यालाच जडलाय. पटत नसेल तर बोला.

काळी_कातळी:
उंबर फोडून केंबरं काढतेच आता, राग मानू नका. त्याच फळात बाहेरून शेपटाकडची सुई खुपसून अंडी घालणारी दुसरी केंबरं असतात. परागीकरणाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, फुकट खातात. वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या आला की अंगावरची पिल्लं मारल्याच्या नोंदी आहेत. हे गुण्यागोविंदानं राहणं?

बांधावरचा:
मारतात, फसवतात, मान्य ताई. पण हुप्प्या पारावर बढाई मारत नाही. पोट भरलं की थांबतो.

काळी_कातळी:
थांबतो? आमच्या हरभऱ्याला विचारा! खातात कमी, उपटतात जास्त. वानराला बोअरची गाडी आणि सोसायटीचं कर्ज मिळू द्या, मग बघू.

पाणाड्या:
दोघंही उंबरावरून खाली या. आपल्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. खोल बोअर बऱ्याचदा तेच पाणी खाली ओढतो, म्हणून विहीर आटते. ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांखाली जायला भूजल कायद्यानंच अटकाव केलाय, पण पाळतं कोण? हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं गावानंच ठरवलं. पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पीक ठरवतात. कमी पावसाच्या साली उन्हाळी पीक घ्यायचंच नाही. ती काय साधुसंत नाहीत, आधी गाव रिकामं होताना बघितलंय त्यांनी.

बांधावरचा:
आमच्या ग्रामसभेत हे काढणार कोण?

काळी_कातळी:
तुम्हीच काढा की. पण दादा, शेजाऱ्याचा ४००, चुलत्याचा ६००. तुमचा किती?

बांधावरचा:
गाडीवाल्याला परवाच इसार दिलाय. ७०० चं बोललोय.