मदत हवी आहे : सर्व्हेत लोक मनातलं बोलत नाहीत, काय करावं?

नमस्कार मंडळी. एम.ए. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात सर्व्हे करतोय. मत कुणाला, हे विचारतच नाही. 2024 ला लोकसभेत मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा महाविकास आघाडीला गेल्या आणि सहाच महिन्यांत विधानसभेला वारं फिरलं. मला त्याखालचं बघायचंय: पुढाऱ्यांवरचा विश्वास, आरक्षण, आंतरजातीय लग्न.

पण मी तोंड उघडायच्या आधीच "आडनाव काय, पाव्हणं?" ते कळलं की आरक्षणावरची उत्तरं त्याच बेतानं येतात. माझा जोडीदार दुसऱ्या समाजाचा. त्याला त्याच गल्लीत उलटं ऐकायला मिळतं! बाईला विचारलं तर ओसरीवरून मालक बोलतात.

गाईड म्हणतात, हजार जणांचा नमुना घे, चूक 3 टक्क्यांच्या आसपास राहील. राहील हो, पण उत्तरच मनातलं नसेल तर?

लोकनीतीवाले (निवडणुकांचे सर्व्हे करणारी दिल्लीची संशोधन संस्था) मतासाठी डमी मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला लावतात. तसं आरक्षणाच्या प्रश्नाला करता येईल का? वाचता न येणाऱ्यांसाठी कागदावर काय छापावं?

दुसरं, मतदार यादीतून ठरावीक अंतरानं नावं काढलीत, पण दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्यात. कुलूप दिसलं की शेजारचं घर घेतलं तर नमुन्यात नुसते जमीनवालेच भरतील. टोळ्या परत येईपर्यंत थांबू, की कारखान्यावर जाऊन फॉर्म भरू? प्रत्यक्ष फील्डवर्क केलेल्यांनी सांगा.