कॉलेजच्या कॅम्पसवर लायसन्सवाली गन – फ्लोरिडात कायदा होईल का, आणि व्हावा का? (२०२५ च्या अखेरची चर्चा)

टॅम्पाकर:
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितोय. आम्ही फ्लोरिडात वीस वर्षं झाली, मुलगी इथल्याच एका सरकारी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. १७ एप्रिल २०२५ ला टॅलाहासीला फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत (एफएसयू) गोळीबार झाला, दोघं गेले, आणि त्या दिवशी तिची शाळेपासूनची मैत्रीण तिकडे एका खोलीत दाराला टेबलं लावून बसली होती आणि माझी मुलगी तिला मेसेज करत इकडे बसली होती. तेव्हापासून घरात हा विषय संपलेलाच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लोरिडात २०२३ पासून बाहेर लपवून गन बाळगायला लायसन्ससुद्धा लागत नाही, पण कॉलेज कॅम्पसवर लायसन्स असलं तरी बंदी आहे. ही बंदी उठवायची बिलं दहा वर्षांहून जास्त काळ येतायत आणि पडतायत. २०१५ ला तर सगळ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांचे प्रेसिडेंट आणि कॅम्पस पोलीस चीफ विरोधात उभे राहिले होते आणि सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीच्या अध्यक्षाने बिल सुनावणीलाच घेतलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये परत आलं, दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं दणदणीत बहुमत असूनही सिनेटच्या कमिटीत काठावर पडलं. आणि त्यानंतर महिनाही झाला नव्हता तोच एफएसयू.

आता जानेवारी २०२६ ला अधिवेशन सुरू होतंय. माझा अंदाज असा की या वर्षी नाही तर पुढच्या दोन-तीन वर्षांत हे पास होणार. कारण बाकी राज्यांत हेच झालंय. जॉर्जियात २०१६ ला गव्हर्नरने व्हेटो केलं, २०१७ ला त्याच गव्हर्नरने सही केली. वायोमिंगमध्ये २०२४ ला व्हेटो, २०२५ ला सही न करता कायदा होऊ दिला. वेस्ट व्हर्जिनियात बरीच वर्षं रखडलं आणि २०२३ ला झालं. २०२५ ला साउथ डकोटा. म्हणजे एकदा पडलं म्हणजे संपलं असं समजणारे आपण फसतो, हे बिल दरवर्षी परत येतं आणि ज्या वर्षी कमिटीत एक माणूस बदलतो त्या वर्षी निघून जातं.

माझं मत स्पष्ट सांगतो, मी विरोधात आहे. अठरा ते बावीस वर्षांची पोरं, परीक्षा, ब्रेकअप, दारू, झोप नाही, घरापासून लांब. या देशात गनने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत आणि गनने केलेला प्रयत्न जवळजवळ परतीचा नसतो. माझी काळजी हल्लेखोराइतकीच मंगळवारी रात्री दोन वाजता एकट्या बसलेल्या पोराची आहे. तुमचं काय मत?

ऑस्टिनचा_अण्णा:
टॅम्पाकर, भावना समजतात पण आम्ही टेक्सासवाले हे सगळं जगून बसलोय. सिनेट बिल ११ (सरकारी कॅम्पसवर लायसन्सवाली गन चालू देणारा कायदा), १ ऑगस्ट २०१६ पासून लागू, आणि ती तारीख नेमकी यूटीच्या (ऑस्टिनची युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) टॉवरवरच्या १९६६ च्या गोळीबाराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशीची. तेव्हा काय गोंधळ होता! प्रोफेसर कोर्टात गेले, आर्किटेक्चरचे डीन राज्य सोडून गेले, वर्गात वाद झाला की पोरं पिस्तुलं काढतील असं लोक बोलत होते. तसं काही झालं नाही. वर्गात कोणाकडे आहे कोणाकडे नाही हे कळतसुद्धा नाही, कारण लपवूनच ठेवायचंय.

आणि कायदा आला तेव्हा लायसन्सला वय २१ लागायचं (लष्करातल्यांना सूट होती). म्हणजे तुम्ही म्हणता ती अठरा-एकोणिसाची पोरं यात येतच नव्हती. चार ते सहा तासांचा क्लास, शूटिंगची टेस्ट, पार्श्वभूमीची तपासणी. टेक्सासात २०२१ पासून बाहेर बिनलायसन्स चालतं पण कॅम्पसवर आजही लायसन्सच लागतं. हा फरक लोक विसरतात.

राहता राहिला टॉवर. १९६६ ला पोलिसांकडे धड रायफली नव्हत्या, गावातल्या लोकांनी घरून हरणाच्या शिकारीच्या रायफली आणून खालून गोळ्या झाडल्या, त्यामुळे वरच्या माणसाला मोकळेपणी नेम धरता येईना असं वर चढलेल्या पोलिसानेच नंतर सांगितलं.

घाटावरचा:
पुण्यातून वाचतोय. मुलाला टेक्सासात ॲडमिशन मिळालीय म्हणून धागा उघडला आणि आता पोटात गोळा आलाय. आमच्या इथे बंदुकीचं लायसन्स म्हणजे पोलिसांकडे खेटे, कारण काय, धोका कोणाकडून, आणि निवडणूक आली की लायसन्सवाली बंदूकसुद्धा ठाण्यात जमा करा. आणि तिथे केमिस्ट्रीच्या वर्गात? अण्णा, तुम्ही "कळतसुद्धा नाही" म्हणताय तेच तर मला भीतीदायक वाटतंय. कृपया कोणी सांगा, होस्टेलमध्येही चालतं का हे?

ऑस्टिनचा_अण्णा:
@घाटावरचा, घाबरू नका. यूटीमध्ये डॉर्मच्या खोल्यांत ठेवायला बहुतेक मनाई आहे. ज्या प्रोफेसरची स्वतंत्र केबिन आहे तो आपल्या केबिनमध्ये नको म्हणू शकतो. आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांना बाहेर पडायची मुभा होती – राइस, बेलर, एसएमयू, टीसीयू सगळ्या बाहेर पडल्या. मुलाची कुठली आहे?

टॅम्पाकर:
अण्णा, तुम्हीच मुद्दा दिलात. ज्यांना निवडायचं स्वातंत्र्य होतं त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी नको म्हटलं, आणि यात बेलरसारख्या अगदी धार्मिक, कॉन्झर्व्हेटिव्ह संस्था आहेत. सरकारी युनिव्हर्सिट्यांना विचारलंच नाही म्हणून तिथे आहे.

आणि "काही झालं नाही" हेही पूर्ण खरं नाही. कायदा लागू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात टार्लटन स्टेटच्या डॉर्ममध्ये चुकून गोळी सुटली. नशीब कोणाला लागली नाही. आयडाहोत २०१४ ला कायदा आला त्याच सप्टेंबरमध्ये केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल भर वर्गात सुटलं, त्याच्याच पायाला लागलं, समोर पोरं बसलेली. तो लायसन्सवाला, ट्रेनिंग घेतलेला माणूस होता.

रातराणी:
मी २३ वर्षांची आहे, नर्सिंग करते, फ्लोरिडातच वाढले. इथे सगळे काका लोक मास शूटिंगवर बोलतायत आणि माझा प्रश्न त्याचा नाहीये. माझी क्लिनिकल शिफ्ट रात्री अकराला संपते, मग कॅम्पसवर येऊन पार्किंग गॅरेजच्या चौथ्या मजल्यावर गाडी. तिथे मला रोज भीती वाटते. रोज.

नेवाडात एका मुलीवर २००७ ला युनिव्हर्सिटीच्या पार्किंग गॅरेजमध्ये बलात्कार झाला, कॅम्पस पोलिसांच्या ऑफिसपासून अगदी जवळ. तिच्याकडे लायसन्स होतं, पण कॅम्पसवर बंदी म्हणून तिने नियम पाळला आणि गन घरी ठेवली. तिने हे स्वतः विधिमंडळापुढे येऊन सांगितलं. तरी तिथलं बिल पडलं. माझ्याकडे बाहेर कायद्याने चालतं, ग्रोसरीच्या दुकानात चालतं, पेट्रोल पंपावर चालतं, फक्त जिथे मला सगळ्यात जास्त गरज आहे तिथे चालत नाही. टॅम्पाकर काका, तुमच्या मुलीलाही विचारा की रात्री ती कशी चालते.

एफवन_वाला:
एक गोष्ट इथे कोणीच बोलत नाहीये. आपण जे एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलोय त्यांना फेडरल कायद्याने गन बाळगताच येत नाही. एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही नाही. शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत पण ते नसताना मित्राबरोबर रेंजवर जाऊन हातात घेतली तरी तुमचा व्हिसा धोक्यात. म्हणजे कॅम्पस कॅरी (कॅम्पसवर गन बाळगायची मुभा) आलं तर वर्गात बाकीच्यांना हक्क आणि आम्हाला नाही. मी टीए (टीचिंग असिस्टंट, प्रोफेसरच्या हाताखाली शिकवणारा विद्यार्थी) आहे, रविवारी रात्री मार्क टाकतो, सोमवारी पोरं भांडायला येतात, आमची केबिन चार जणांत आहे, म्हणजे स्वतंत्र केबिनवाली सूट आम्हाला नाही. प्रोफेसरला सोय आहे, टीएला नाही. घाटावरचा काका, मुलाला येण्याआधी एवढं नक्की सांगा की रूममेटची गन कौतुकानेसुद्धा हातात घेऊ नकोस.

विदर्भवीर:
टॅम्पाकरांशी असहमत. २००७ व्हर्जिनिया टेक, ३२ लोक गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती, एक भारतीय प्राध्यापक होते. आदल्याच वर्षी व्हर्जिनियात कॅम्पस कॅरीचं बिल कमिटीत मेलं होतं. तिथे प्रत्येक वर्ग "गन फ्री" होता, फक्त मारणाऱ्यासाठी नव्हता. मी एनसीसी केलंय, शस्त्र म्हणजे काय माहीत आहे, शस्त्र दिसलं की घाबरायचं ही शहरी सवय आहे. आपण दसऱ्याला शस्त्रं पुजणारे लोक.

आणि कायदा होणार हे मात्र टॅम्पाकरांचं बरोबर. सप्टेंबरमध्ये फ्लोरिडाच्या अपील कोर्टाने ओपन कॅरीवरची (गन उघडपणे बाळगण्यावरची) बंदीच घटनाबाह्य ठरवली. वारं कुठल्या दिशेने आहे ते दिसतंय.

टॅम्पाकर:
विदर्भवीर, २०१५ ला ओरेगनमध्ये अम्प्क्वा कम्युनिटी कॉलेजात नऊ जण गेले. त्या दिवशी कॅम्पसवर एक माजी सैनिक होता, गन घेऊन, लायसन्ससकट. तो गेला नाही. नंतर म्हणाला, लांब होतो आणि स्वाट टीम (पोलिसांची खास सशस्त्र तुकडी) मलाच हल्लेखोर समजली असती. ट्रेनिंग घेतलेल्या सैनिकाने योग्य निर्णय घेतला असं मी म्हणेन. आणि १० सप्टेंबरला युटाहमध्ये एका युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर चार्ली कर्क या कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्यावर गोळी झाडली ती छपरावरून, रायफलने, सव्वाशे मीटरच्या पुढून. युटाहमध्ये कॅम्पसवर गन २००४ पासून चालते. खाली गर्दीत कितीही पिस्तुलं असती तरी काय झालं असतं?

एफएसयूतली गन कुठून आली तेही बघा, हल्लेखोराच्या सावत्र आईची, आणि ती शेरीफकडची डेप्युटी. वय त्याचं २०. म्हणजे २१ च्या नियमाने तो थांबला नाही, घरातल्या कपाटाने थांबायला हवा होता.

कोर्टाचं म्हणाल तर तिथून हे येणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालातसुद्धा (ज्याने बाहेर गन बाळगण्याचा हक्क मान्य केला) शाळांसारख्या "संवेदनशील जागा" वेगळ्या ठेवल्यात. हे विधिमंडळातच ठरणार. कोलोराडोने तर आधी मुभा होती ती २०२४ ला कायदा करून कॅम्पसवरून काढून घेतली, म्हणजे गाडी उलटीही फिरते.

ऑस्टिनचा_अण्णा:
कोलोराडोत डेमोक्रॅट आहेत, फ्लोरिडात तसं होणं नाही. पण मी एक मान्य करतो, टीएच्या केबिनचा मुद्दा बरोबर आहे, आमच्याकडेही ती तक्रार होती. कायदा करताना हे नीट लिहायला हवं. टेनेसीसारखं फक्त पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना द्यायचं हाही एक मधला रस्ता आहे. फ्लोरिडात मला हेच आधी होताना दिसतंय, कारण पार्कलँडच्या शाळेतल्या २०१८ च्या गोळीबारानंतर शाळांत गार्डियन प्रोग्रॅम (ट्रेनिंग दिलेल्या कर्मचाऱ्यांना गन) आहेच, तोच कॉलेजपर्यंत ओढायचा.

रातराणी:
कर्मचाऱ्यांना दिलं तर गॅरेजमध्ये मला काय उपयोग? कोणीतरी त्या गॅरेजचं उत्तर द्या ना. सगळे युटाह आणि ओरेगनला जाऊन आले.

टॅम्पाकर:
रातराणी, काल रात्री मुलीला विचारलं. ती म्हणाली, हातात किल्ल्या धरून चालते, आणि रूममेटशी फोन चालू ठेवते. हे मला माहीतच नव्हतं. तुझ्या गॅरेजचं उत्तर माझ्याकडे नाही, रात्रीची एस्कॉर्ट सर्व्हिस आणि दिवे म्हणावं तर तूच सांगशील की अकरानंतर किती वाट बघावी लागते. तरी मी माझ्या सिनेटरला विरोधाचं पत्र पाठवतोय, अधिवेशनाच्या आधी. त्यात दिवे आणि एस्कॉर्टचे पैसे हाही परिच्छेद घालतो. तू तुझं पत्र पाठव, तुला पटतं तसं. पाठवण्याआधी आपण दोघं एकमेकांची वाचूया, चालेल?

रातराणी:
चालेल. माझं उद्या शिफ्टनंतर लिहिते.