लस वाटली की विकली? 'व्हॅक्सिन मैत्री'चा हिशेब वेगवेगळा मांडायला नको का?

पायरीवरचा (धागाकर्ता)
परवा एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, 'करोनात भारताने जवळजवळ शंभर देशांना लस दान केली.' टाळ्या पडल्या. 'व्हॅक्सिन मैत्री' म्हणजे परदेशांना लस पाठवण्याची आपल्या सरकारची मोहीम; तिचा परराष्ट्र मंत्रालयाचा तक्ता मात्र वेगळं सांगतो. जानेवारी २०२१पासून निर्यात थांबेपर्यंत सुमारे ६ कोटी ६४ लाख डोस बाहेर गेले. त्यातले भेट म्हणून १ कोटी ७ लाख. जवळपास २ कोटी 'कोव्हॅक्स'मार्फत (गरीब देशांना लस पुरवणारी आंतरराष्ट्रीय योजना) आणि उरलेले साधारण ३ कोटी ५८ लाख सरळ विक्री. विक्रीच्या रकान्यात ब्रिटनचे ५० लाख आणि कॅनडाचे ५ लाखही आहेत. आता ब्रिटनला आपण मदत केली म्हणायचं का? पुण्यातून माल गेला, पैसे आले. झकास धंदा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिन्ही रकाने 'मैत्री'च्या एकाच पाटीखाली, आणि विमानतळावर खोक्यांशेजारी राजदूतांचे फोटो! जाहिरात खुशाल करा. फक्त दिलेलं किती आणि विकलेलं किती, ते वेगळं सांगा.

बंडोपंत
तीव्र असहमत. तेव्हा पैसे टाकूनही लस मिळत नव्हती. श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट मागणी नोंदवून ठेवली होती. अशा वेळी कॅरिबियनमधल्या डॉमिनिकासारख्या चिमुकल्या देशाला रांगेत पुढे घेणं हीच मदत. त्यांच्या पंतप्रधानांनी विमानतळावर स्वतः खोकी उचलली होती, ती काय पावती बघून?
आणि जाहिरात कोण करत नाही? अमेरिकेच्या पोत्यांवर हस्तांदोलनाचं चिन्ह आणि 'अमेरिकन जनतेकडून' ही ओळ असायचीच. २००४च्या त्सुनामीनंतर त्यांची जहाजं इंडोनेशियात मदतीला गेली. प्यू संस्थेच्या पाहणीत तिथे अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे २००३मध्ये १५ टक्के होते, २००५मध्ये ३८ झाले. इराक युद्ध चालू असताना! आपणच तेवढं सोवळ्यात राहायचं?

खडीसाखर
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. चालू द्या.

तराईतला
नोकरीमुळे काही वर्षं नेपाळ सीमेलगत राहिलो, म्हणून दोन शब्द. जानेवारी २०२१मध्ये नेपाळला १० लाख डोस भेट मिळाले, लोक खूश. मग त्यांच्या सरकारने पुण्याच्या सीरम या लस कंपनीकडून २० लाख विकत घेतले, ८० टक्के रक्कम आगाऊ भरली. १० लाख आले आणि इथे दुसरी लाट उसळल्यावर बाकीचे अडकले ते थेट ऑक्टोबरपर्यंत. पहिला डोस घेतलेले म्हातारेकोतारे दुसऱ्याची वाट बघत बसले. आपली अडचण खरीच होती, पण भेटीचं कौतुक तिथेच विरलं.
२०१५लाही हेच. २५ एप्रिलला भूकंप झाला, आपली विमानं काही तासांत पोचली. आठवडाभरात ट्विटरवर 'गो होम इंडियन मीडिया', कारण आपले वार्ताहर ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईच्या तोंडासमोर माइक धरत होते. सप्टेंबरात सीमेवर नाकाबंदी, गॅस-पेट्रोल बंद. आम्ही केली नाही, असं दिल्ली म्हणत राहिली. तिकडे कोणालाही पटलं नाही.

जुना कागद
धागाकर्त्यांना वाटतं तसं तक्ते कोणी वाचत नाही. पीएल-४८० या अमेरिकन अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू आठवा. तोही फुकट नव्हता, रुपयांत विकत घेतला जायचा. ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साचत गेले, आणि १९७४मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी त्यातले १,६६४ कोटी चेकने भारताला परत दिले. एवढा मोठा चेक कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिलं ते १९६६. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर आपण टीका केली, म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गहू महिन्यामहिन्याने, मोजूनमापून सोडत होते. हात आखडता घेतला की आधीचं सगळं धुऊन जातं, मग पाटीवर काहीही लिहा.
(अवांतर: त्याच रुपयांतून अमेरिकन विद्यापीठांसाठी इथली पुस्तकं घेतली गेली, मराठीसुद्धा. इथे न सापडणारी काही तिकडे कपाटात मिळतात.)

पायरीवरचा
तक्ता कोणी वाचत नाही? मे २०२१ आठवा. दिल्लीत भिंतींवर पोस्टरं लागली, 'आमच्या मुलांची लस परदेशी का पाठवली?' लावणाऱ्यांना अटक झाली. आणि त्याच दिवसांत सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते संबित पात्रा पत्रकार परिषदेत सांगत होते की मदत फक्त १ कोटी ७ लाखांची, बाकी ८४ टक्के करारांची बांधिलकी होती. म्हणजे रकाने वेगळे करता येत होते की! टाळ्या घेताना सगळी मैत्री, शिव्या पडल्यावर सगळे करार.

बंडोपंत
मग त्यात गैर काय? घरच्यांना एक सांगायचं, पाहुण्यांना दुसरं. मुत्सद्देगिरी अशीच चालते.

तराईतला
पाहुणेही टीव्ही बघतात हो. नेपाळमध्ये तर आपलीच चॅनेलं लागतात.

बंडोपंत
बरं. मग कोव्हॅक्सचे २ कोटी कुठल्या रकान्यात टाकणार?

पायरीवरचा
विक्रीत. कोव्हॅक्स चालवणाऱ्या 'गावी' (Gavi) या आंतरराष्ट्रीय लस-संस्थेने सीरमला आगाऊ पैसे दिले होते.

बंडोपंत
भाव किती पडला होता ते बघा आधी. त्या भावात युरोप-अमेरिकेची कुठली कंपनी देत होती? निम्मं तरी दानात धरा.