मदत हवी आहे: नो-कॉस्ट ईएमआयचा पहिला हप्ता ६,३१७ रुपये! आत्ताच बंद करू का?

मंडळी, गेल्या महिन्यात आईचा जुना फ्रिज एकदाचा गेला. दूध-भाजी शेजारच्या काकूंकडे ठेवून तसेच दुकान गाठलं. ३६,००० चा फ्रिज. दुकानदार म्हणाला, "ताई, सहा महिने सहा-सहा हजार, व्याज एक रुपया नाही." क्रेडिट कार्ड घासलं आणि त्यांचा चहा पिऊन घरी आले.

परवा स्टेटमेंट आलं. मुद्दल ५,५४१.६३, व्याज ४५८.३७, व्याजावर जीएसटी ८२.५१, प्रोसेसिंग फी १९९, फीवर जीएसटी ३५.८२. एकूण ६,३१७.३३.

व्याजच नाही तर त्यावर जीएसटी कुठला? कस्टमर केअरवाल्याने दुकानाचं बिल बघायला सांगितलं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात १,६२२ ची सूट! म्हणजे बँकेने मला ३४,३७८ रुपये वर्षाला १६ टक्क्यांनी दिलेत आणि सहा महिन्यांच्या व्याजाएवढी सूट किमतीतून आधीच वजा केली आहे. जीएसटी मात्र माझ्या माथी. सहा महिन्यांत २९२, फी धरून ५२७.

५२७ साठी रडत नाहीये. पण काकांनी त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून हेच मॉडेल रोखीने ३४,००० ला आणलं. मग ती सूट नक्की कोणाच्या पैशाची होती?

आता प्रश्न. बाकी मुद्दल २८,८३६ आहे. आज एकदम भरलं तर पुढचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,३७३ वाचतात. मुदतीआधी बंद करण्याचा दंड ३ टक्के, जीएसटीसकट १,०२१. म्हणजे ३५२ चा फायदा. हिशेब बरोबर आहे ना? की कुठे काही राहतंय?

प्रतिसाद १
हिशेब बरोबर आहे, पण ती १,६२२ ची सूट परत वसूल करण्याची अट आहे का ते आधी बघा. असेल तर ३५२ मिळवायला जाऊन सव्वा हजाराला मुकाल. फोनवर विचारू नका, मेल करा.

जीएसटीचं म्हणाल तर तो नियमातच आहे. साध्या कर्जाच्या व्याजाला जीएसटी माफ आहे, क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती माफी नाही. आणि शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना सुनावलंय. तेव्हापासून 'शून्य टक्के'चं 'नो-कॉस्ट' झालं, इतकंच. ;-)

प्रतिसाद २
कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरा. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून गप्प बसलात तर किराण्यापासून पेट्रोलपर्यंत सगळ्यावर व्याज चालू होईल. तिथे १६ टक्के नसतात, वर्षाला ४० च्या आसपास जातात.

धागाकर्ती
धन्यवाद! मेल टाकलाय. उत्तर येईपर्यंत हप्ते चालू ठेवते.
काकांना विचारलं, रोखीचा भाव कसा काढलात? म्हणाले, "आधी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं, मग तोंड उघडलं."