वायरलेस मिडी कीबोर्डवर भजनाची साथ: आवाज उशिरा येतो, पट्टीही जुळेना. सल्ला हवा

पेटी_मंगळवारपेठ

नमस्कार. मंगळवार पेठेत आमचं महिला भजनी मंडळ आहे आणि मी साथीला पेटी वाजवते. पेटी आजोबांची, स्केल चेंजर, त्यामुळे भलतीच जड. गाडीवर पायाशी धरून नेता नेता पाठ कायमची धरली, आणि गेल्या वर्षी एक रीडही बसली. म्हणून यंदा ४९ पट्ट्यांचा वायरलेस मिडी कीबोर्ड घेतला. सेलवर चालतो, पिशवीत मावतो. ॲण्ड्रॉइड फोनवर हार्मोनियमच्या आवाजाचं ॲप आहे आणि मंडळाकडे एक ब्लूटूथ स्पीकर आहे.

परवाच्या तालमीत पहिल्या अभंगालाच गोंधळ झाला. तबला समेवर येतो आणि माझा सा त्याच्या मागून येतो. बायका थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. हळू दाबलं तर सूर ऐकूच येत नाही, जोरात दाबलं तर किंचाळतो. पेटीला असलं काही नसतं. आमची गाण्याची पट्टी, म्हणजे जिला सा धरून गातो ती, काळी चार, एका काकूंची काळी पाच. माझी बोटं लहानपणापासून पांढरी एकला बसलेली. बाण काढलेली बटणं दाबली तर सबंध सप्तकच वर जातं. सोबत घेतलेला पेडलही उलटा चालतो: सोडला की सूर धरून ठेवतो, दाबला की तोडतो.

आणि हे रोजचंच: फोनच्या ब्लूटूथ यादीत कीबोर्ड ‘पेअर्ड’ दिसतो, पण ॲपला तो सापडत नाही. दहा वेळा चालू-बंद केल्यावर एकदा जोडला जातो.

सातव्या माळेला देवळात आमची सेवा आहे. कीबोर्ड परत करून वायरवाला घेऊ, की यातच काही जमेल?

शिवाजीपेठ_की

ताई, सरळ वायर लावा. मी ऑर्केस्ट्रात बारा वर्षं वाजवतोय. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात ब्लूटूथ मध्येच तुटलं, ते नेमकं पट्टी दाबलेली असताना. स्ट्रिंग्जचा तो एक सूर तसाच वाजत राहिला, मी पट्टी सोडली तरी थांबेना. फोन बंद करेपर्यंत अख्ख्या मांडवाने ऐकला. तेव्हापासून स्टेजवर ब्लूटूथ नाही म्हणजे नाही.

राजारामपुरी_साथ

ताई, कीबोर्ड परत करू नका. तुमचा कीबोर्ड दोषी नाही, स्पीकर दोषी आहे.

मिडी कीबोर्डमधून आवाज येतच नाही. तो फक्त निरोप पाठवतो: अमुक नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. मधला सा, म्हणजे पांढरी एक, हा ६० नंबर. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. १९८३ पासून ही भाषा अशीच आहे. निरोप इतका चिमुकला असतो की ब्लूटूथवरूनही तो वेळेत पोचतो. ब्लूटूथ मिडीच्या नियमातच निरोपांच्या दोन फेऱ्यांमध्ये १५ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी अंतर ठेवायला सांगितलं आहे. पण ब्लूटूथ स्पीकरची गोष्ट निराळी. फोनला सगळा आवाज आवळून पाठवावा लागतो, स्पीकर तो उलगडतो, थोडा साठवतो आणि मग वाजवतो. त्यात सहज १५० ते २०० मिलिसेकंद जातात.

हे किती होतात ते असं बघा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १० मिलिसेकंद उशीर म्हणजे तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसलेला पेटीवाला. देवळाच्या ओवरीत एवढं अंतर असतंच आणि कुणाला खटकत नाही. २०० मिलिसेकंद म्हणजे पेटीवाला जवळजवळ सत्तर मीटरवर, पलीकडच्या गल्लीत बसलाय. तो समेवर येणार कसा?

म्हणून पट्ट्या ब्लूटूथवर राहू द्या, आवाज मात्र वायरनेच काढा. फोनला हेडफोनचं भोक असेल तर तिथून, नसेल तर टाइप-सीचं हेडफोन कनेक्टर घेऊन देवळाच्या मिक्सरला. शिवाजीपेठभाऊंचा अनुभव खरा आहे, पण ताईंच्या फोनला तोंड एकच. त्या तोंडात कीबोर्डची वायर घातली तर आवाज कुठून काढणार? मग पुन्हा ब्लूटूथ स्पीकर, आणि सगळं मुसळ केरात. दोन्ही वायरने हवं असेल तर टाइप-सी हब लागेल. तोही चांगला पर्याय आहे, फक्त घरी नीट तपासून न्या.

आता जोडणी. फोनच्या ब्लूटूथ यादीतून कीबोर्ड काढून टाका, ‘विसरा’ करा. ब्लूटूथ मिडी तिथून जोडायचं नसतं, ॲपच्या आत मिडी सेटिंगमध्ये शोधून जोडायचं. ॲपला तशी सोय नसेल तर ‘मिडी बीएलई कनेक्ट’ नावाचं छोटं ॲप आधी उघडून त्यातून जोडा. ॲण्ड्रॉइड ११ पर्यंत ॲपला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून जवळपासच्या डिव्हाइसची. ती नाकारली असेल तर यादी कोरीच दिसते आणि आपण कीबोर्डला शिव्या देतो. आणखी एक: कीबोर्ड एका वेळी एकालाच जोडला जातो. घरात मुलांचा टॅब त्याला आधी चिकटला असेल तर तुमच्या फोनला तो दिसणारच नाही.

पेडल: कीबोर्ड बंद करा, पेडल खुपसा, पायाने न दाबता कीबोर्ड चालू करा. पुष्कळ कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघून तीच ‘सोडलेली’ धरतात. तुमचा पाय तेव्हा पेडलवर असेल, किंवा पेडल मागाहून लावलं असेल, तर उलटं होतं. काही पेडलांना खाली छोटी सरक-कळ असते, ती बदलून बघा.

पट्टी: बाणाची बटणं सप्तकाची. तुमच्या स्केल चेंजरचं काम करतं ते ट्रान्सपोज. बोटं पांढरी एकवर ठेवून काळी चार हवी तर अधिक ८ किंवा उणे ४, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तितक्या पट्ट्या वर किंवा खाली. काळी पाचला अधिक १० किंवा उणे २. बायकांच्या साथीला मी उणेच घेतो, पेटीचा आवाज भरीव राहतो. ट्रान्सपोज कीबोर्डवरही असतं आणि ॲपमध्येही. एकाच ठिकाणी करा. दोन्हीकडे केलंत तर काकूंची काळी पाच कुठल्या कुठे जाईल. आणि बोट पट्टीवर दाबलेलं असताना ट्रान्सपोज बदलू नका, काही कीबोर्डांवर तो सूर अडकतो: दाबल्याचा निरोप एका नंबराला गेलेला, सोडल्याचा दुसऱ्याच.

पेटी_मंगळवारपेठ

दादा, मनापासून आभार. आजच लक्ष्मीपुरीतून टाइप-सीचं कनेक्टर आणि मिक्सरची वायर आणली. फोनच्या यादीतून कीबोर्ड काढला, ॲपमधून जोडला, लोकेशनची परवानगी दिली. पहिल्या झटक्यात लागला. आवाज आता बोटाबरोबर येतोय. मुलाला तबल्याला बसवून ‘गजर’ द्रुत लयीत वाजवून बघितला, सुटला नाही.

पेडलही सरळ झाला. माझा पाय खरंच त्याच्यावर असायचा.

आवाजाच्या लहान-मोठेपणाचं मात्र तसंच आहे. मी पेटीवाली, बोटाने जोर देण्याची सवयच नाही.

भाता_गंगावेस

ताई, इथे मी बोलतो, कारण मीही पेटीवरूनच आलो. घरात पेटी आणि भजन तीन पिढ्यांचं.

पेटीत जोर कुठे असतो? भात्यात. पट्टी फक्त हवेला वाट देते. बोट हळू टेका नाहीतर आपटा, सूर तेवढाच. मिडी कीबोर्ड मात्र पियानोच्या हिशेबाने बनवलेला. पट्टी किती वेगाने खाली गेली ते मोजतो आणि त्यावर जोर ठरवतो. म्हणून तुमचे गमकाचे बारीक स्वर गायब होतात आणि ठासून धरलेला पंचम किंचाळतो. कीबोर्डच्या किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी शोधा आणि ती ‘फिक्स्ड’ करा. मी १०० ठेवतो. आता प्रत्येक पट्टी सारखीच वाजेल, पेटीसारखी.

पण एवढ्यावर थांबलात तर पेटी मेल्यासारखी वाजेल, कारण भाता गेला. तो परत आणायचा. कीबोर्डच्या डाव्या कडेला दोन चाकं असतील. एक सोडलं की आपोआप मध्यावर येतं, ते पिच बेंड. दुसरं जिथे ठेवाल तिथे राहतं, ते मॉड्युलेशन. मिडीत ते कंट्रोल नंबर १ पाठवतं. ॲपमध्ये ‘मिडी लर्न’ (कुठलं चाक कशाला बांधायचं ते ॲपला शिकवायची सोय) असं काही असेल तर ते दुसरं चाक एक्स्प्रेशनला, म्हणजे कंट्रोल नंबर ११ ला बांधा. नंबर ७ म्हणजे व्हॉल्यूम, त्याला हात लावू नका. तो मिक्सरवाल्याबरोबर एकदा ठरवायचा आणि सोडून द्यायचा. ११ म्हणजे त्या ठरलेल्या आवाजाच्या आतला श्वास.

आणि मग डावा हात त्या चाकावर ठेवा. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. नंतर जाणवतं की हा तोच हात आहे, जो इतकी वर्षं भाता मारत होता. गायिका ‘विठ्ठल’ म्हणून लांबवते तेव्हा तुमचा हात आपसूक चाक वर सारतो, ती श्वास घेते तेव्हा खाली येतो. मला हे जमलं त्या रात्री मी एकटाच बसून दोन तास नुसता ‘सा’ वाजवत होतो. तुम्हालाही जमेल, कारण ते तुमच्या हातात आधीच आहे.

पेडल घरी ठेवा. पेटीला पेडल नसतो. पायाखाली असला की चुकून दाबला जातो आणि स्वर एकमेकांत चिकटतात.

पिच बेंडने मींड घ्यायचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा, मोहही होईल. ते चाक मुळात वर-खाली दोन-दोन स्वरांतरांपुरतं, म्हणजे सा पासून रे पर्यंत, ठेवलेलं असतं. पण ते सबंध चॅनेल ओढतं: खाली धरलेला सा देखील सोबत सरकतो. भजनात आधारस्वरच हलला तर गाणाऱ्याने धरायचं काय? बासरीचा आवाज एकटा वाजवत असाल तर जरूर वापरा. पेटीवर नको.

इचलकरंजी_सूर

मध्येच विचारतो, विंडोज लॅपटॉपला असाच कीबोर्ड ब्लूटूथने लागतो, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. काय करावं?

राजारामपुरी_साथ

विंडोज १० पासून ब्लूटूथ मिडी आहे, पण बरीच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरं ते थेट उचलत नाहीत. मिडीबेरी आणि लूपमिडी या दोन छोट्या प्रोग्रॅमांनी मध्ये पूल बांधता येतो. लॅपटॉपला पोर्टांची कमी नसते, तेव्हा तिथे यूएसबी वायर लावून मोकळे व्हा. मॅक असेल तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधून थेट लागतो. आयफोन-आयपॅडवर गॅरेजबँडच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ मिडी उपकरणांची वेगळी यादी आहे.

लॅपटॉपवरही उशीर वाटला तर बफर बघा, म्हणजे सॉफ्टवेअर वाजवण्याआधी आवाज किती साठवतं ते. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे एकवीस मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे पाचच.

शिवाजीपेठ_की

एक तोंड असलेल्या फोनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. मग ताई, कार्यक्रमापुरतं हे तरी करा. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ परत चालू करा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही. फोन कीबोर्डच्या अगदी शेजारी ठेवा. नवरात्रातली गर्दी म्हणजे मध्ये माणसं, आणि माणसाचं अंग हे सिग्नल शोषून घेतं. ॲपमध्ये ‘पॅनिक’ नावाचं बटण कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. सूर अडकला तर ते दाबलं की सगळं गप्प होतं. ते मला त्या दिवशी माहीत असतं तर!

आणि सेल नवे घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. काही कीबोर्ड रिचार्जेबलवर लवकर बॅटरी संपल्याचा दिवा लावतात.

कसबाबावडा_नवशिका

मलाही असाच घ्यायचाय. कुठला घेऊ?

भाता_गंगावेस

भजनासाठी ३७ च्या खाली जाऊ नका, २५ पट्ट्यांवर दोनच सप्तकं मिळतात आणि मंद्रात उतरायला जागा उरत नाही. कोर्गचा मायक्रोकी एअर ३७, ४९ आणि ६१ मध्येही मिळतो, दोन डबल-ए सेलवर चालतो, चाकं आहेत. पट्ट्या मात्र बारीक. मोठ्या पेटीची सवय असेल तर दुकानात बसून आधी बोटं फिरवून बघा. घरात जुना गोल पाच पिनांच्या मिडीचा कीबोर्ड पडून असेल तर नवा घेऊच नका. सीएमईचा विडी मास्टर किंवा यामाहाचा एमडी-बीटी०१ मागे खोचला की तोच वायरलेस होतो. पट्ट्या मोठ्या आणि पैसेही वाचतात.

पेटी_मंगळवारपेठ

काल पूर्ण तालीम झाली. काळी चारला उणे ४, काकूंच्या अभंगाला उणे २. वहीत अभंगांच्या नावापुढे तेवढेच आकडे लिहून ठेवलेत. व्हेलॉसिटी १०० ला बांधली, चाक ११ ला. भातादादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, तिसऱ्या अभंगापासून मी डाव्या हाताचा विचारच सोडला होता.

एकच अडचण राहिली. अंतऱ्याच्या शेवटी हात सैल पडतो, चाक पार शून्यावर येतं आणि सूर एकदम तुटतो. खऱ्या भात्यात थोडी हवा उरते तसं काही करता येईल का?

भाता_गंगावेस

येईल. चाक जिथे बांधलंत तिथेच किमान-कमाल विचारलेलं असेल. किमान शून्याऐवजी ४० करा, कमाल १२७ राहू द्या. चाक पार खाली आलं तरी तेवढी हवा उरेल. जास्त वाटलं तर ३० वर आणा, कानाने ठरवा. देवळात एकदा मिक्सरला जोडून पुन्हा बघा, कारण तिथल्या दगडी भिंतीत घुमतं आणि घरी ४० वाटलेलं तिथे जास्त वाटेल.